सिडकोची सोडत आणि देवाची निवड

गेल्या महिन्यात भाच्यानं एक मेसेज पुढे पाठवला. घणसोलीला त्यांच्या सोसायटीच्या ग्रुपवर कुणीतरी टाकलेला. खाली त्याची एकच ओळ: 'मामा, याला काय उत्तर देऊ?' मी चष्मा शोधून वाचेपर्यंत तोच मेसेज आणखी दोन वाटांनी आला. एकदा जुन्या ऑफिसच्या ग्रुपवर, आणि एकदा चक्क आमच्या मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) तरुण संघाच्या ग्रुपवर, 'विचार करण्यासारखं आहे' अशी शिफारस जोडून.

मेसेज लांबलचक आहे, पण गाभा एवढाच: 'ख्रिस्ती लोकांचं तारण (त्यांचा मोक्ष) म्हणजे सिडकोच्या घरांची सोडत. सिडकोत निदान अर्ज तरी भरावा लागतो, इथं तर जगाच्या उत्पत्तीपूर्वीच नावं काढून झाली आहेत. मग विश्वास ठेवा, विश्वास ठेवा हा धोशा कशाला? आणि विश्वास म्हणजे तरी काय, तोंडानं "मानतो" म्हणायचं. म्हटलं की खुनीसुद्धा स्वर्गात, आणि जन्मभर नेकीनं जगलेला तुमचा शेजारी नरकात. ही निवडीची कल्पना मुळात सोळाव्या शतकात कॅल्विन नावाच्या प्रोटेस्टंट धर्मसुधारकानं काढली. निवडलेले येणारच असतील तर मिशनरी इथं कशाला आले? कॅथलिक म्हणतात कर्मानं, प्रोटेस्टंट म्हणतात विश्वासानं, यांचं यांच्यातच जमत नाही. आणि फारोचं मन देवानंच कठीण केलं, मग त्यालाच बुडवलं, हा कुठला न्याय?' शेवटी हात जोडलेली तीन चित्रं आणि 'सत्य वाटलं तर दहा जणांना पाठवा.'

मी पाळक, म्हणजे पाद्री, नाही. बँकेतून निवृत्त झालेला माणूस आहे, आणि वीसेक वर्षं संडे स्कूलमध्ये मुलांना शिकवलंय. मुलं यातला प्रत्येक प्रश्न विचारतात, बहुतेक वेळा या मेसेजपेक्षा चांगल्या शब्दांत. लिहिणारा मूर्ख आहे असंही मला वाटत नाही. त्याचा शेवटचा प्रश्न खरोखर अवघड आहे, त्यावर मी शेवटी येतो. बाकीच्यांचं मात्र तसं नाही.

सोडतीपासून सुरुवात करू, कारण सगळा मेसेज त्या एका उपमेवर उभा आहे आणि लोकांना आवडली आहे तीही उपमाच. नवी मुंबईत घर शोधलेल्या माणसाला ती लगेच भिडते. पण सोडतीत असतं काय? अर्जदार कोण आहे हे यंत्राला ठाऊक नसतं, आणि ते नसणं हाच तिचा प्रामाणिकपणा. नंबर लागला नाही तर अनामत रक्कम परत. कुणी कुणाला ओळखत नाही, कुणी कुणावर रागवत नाही. पवित्र शास्त्रातली, म्हणजे बायबलमधली, निवड याच्या नेमकी उलट आहे. तिथं निवडणारा ओळखतो. यिर्मया संदेष्ट्याला सांगितलं जातं की, आईच्या उदरात तुला घडवण्यापूर्वीच मी तुला ओळखत होतो. हे खरं मानायचं की नाही हा वेगळा प्रश्न. पण आंधळ्या सोडतीवर घ्यायचे आक्षेप यावर चिकटत नाहीत. यावर आक्षेप घ्यायचाच तर पक्षपाताचा घ्यावा लागेल. तो जास्त गंभीर आहे, पण मेसेजवाल्याला सोडत सुचली आणि तो तिथंच रमला.

आता 'नावं काढून झाली, मग विश्वास कशाला' हे. याला आधार म्हणून सहसा इफिसकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातलं चौथं वचन देतात: जगाच्या स्थापनेपूर्वी देवानं आपल्याला ख्रिस्ताच्या ठायी निवडलं. बरोबर, तसं लिहिलंय. फक्त मूळ ग्रीकमध्ये तिसऱ्या वचनापासून चौदाव्यापर्यंत एकच लांबच लांब वाक्य आहे. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाला श्वास घ्यायची सवय नव्हती. त्याच वाक्याच्या शेवटाकडे तो इफिसकरांना म्हणतो की, तुम्ही सत्याचं वचन ऐकलंत, विश्वास ठेवलात आणि तुमच्यावर पवित्र आत्म्याचा शिक्का बसला. म्हणजे ज्या वाक्यात निवड आहे त्याच वाक्यात ऐकणं आहे आणि विश्वास आहे. थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्रात (२:१३) तर हे दोन शब्द आणखी जवळ येतात: देवानं तुम्हाला तारणासाठी निवडलं, ते आत्म्याकडून होणाऱ्या पवित्रीकरणात आणि सत्यावरच्या विश्वासात. पौलाच्या मनात निवड आणि विश्वास एका खुर्चीसाठी भांडत नाहीत.

आणि योहानाच्या शुभवर्तमानातलं ६:३७. येशू म्हणतो, पिता जे मला देतो ते सगळं माझ्याकडे येईल. इथं पूर्णविराम दिला तर मेसेजवाला जिंकला. पण वचन पुढे जातं: आणि जो माझ्याकडे येतो त्याला मी कधीच घालवून देणार नाही. आलेल्या कुणालाही परत पाठवायचं नाही असा ज्याचा नियम आहे, त्याला सोडत कुणी म्हणत नाही.

थोडं आपल्या शब्दाकडेही बघू. मराठीत 'निवडणं' म्हटलं की डोळ्यांपुढे पहिल्यांदा तांदूळ येतात. सूप मांडीवर, खडे बाजूला, चांगला दाणा ठेवायचा आणि खडा फेकायचा. मला वाटतं, निवडीचं नाव काढलं की आपल्या लोकांच्या पोटात जो गोळा येतो तो या सुपामुळे. आपण दाणा की खडा? पण त्याच शब्दाचा दुसरा वापर आहे. माझी आजी नगरकडची. ज्वारीची कापणी झाली की ती काही कणसं बियाण्यासाठी निवडून वेगळी बांधायची, छपराला टांगून ठेवायची. उरलेली ज्वारी ती फेकायची नाही, वर्षभर तीच खायचो आम्ही. आणि निवडलेल्या कणसांचं व्हायचं काय? पुढच्या हंगामात ती मातीत जायची. इस्राएल लोकांचा मूळपुरुष अब्राहाम, त्याची निवड अशी आहे. बायबलच्या 'उत्पत्ती' या पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात त्याला बोलावलं जातं ते पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांना त्याच्यामुळे आशीर्वाद मिळावा म्हणून. बाकीची कुळं टाकून द्यायची म्हणून नव्हे. आजीची उपमाही एका ठिकाणी लंगडते, हे मान्य: ती सगळ्यांत टपोरं कणीस निवडायची, आणि 'अनुवाद' नावाच्या बायबलमधल्या पुस्तकात इस्राएलला स्पष्ट बजावलंय की तुम्ही संख्येनं जास्त होतात म्हणून निवडलं नाही, उलट सगळ्यांत थोडे होतात, चांगले होतात म्हणूनही नाही, तुम्ही ताठ मानेचे लोक आहात. आमोस संदेष्टा तर निवडीची खूण म्हणून शिक्षा दाखवतो: पृथ्वीवरच्या सगळ्या कुळांतून मी फक्त तुम्हालाच जवळ केलं, म्हणून तुमच्या अधर्माचा जाब मी तुम्हालाच विचारीन. सिडकोचं घर लागलेल्या कुणाला असं पत्र आल्याचं ऐकिवात नाही.

तरी प्रश्न उरतो, आणि तो ख्रिस्ती लोकांनी दोन हजार वर्षं चघळलाय. माणूस विश्वास ठेवतो म्हणून देव निवडतो, की देव निवडतो म्हणून माणूस विश्वास ठेवतो? हॉलंडमध्ये याकोब आर्मिनियस १६०९ साली वारले, त्यांच्या अनुयायांनी पुढच्याच वर्षी पाच कलमं मांडली: कोण विश्वास ठेवील हे देवाला आधीच ठाऊक होतं आणि निवड त्यावर आधारलेली आहे. डॉर्ट गावच्या धर्मसभेनं १६१८-१९ मध्ये ते नाकारलं: विश्वास हे निवडीचं कारण नाही, फळ आहे. वाद कडू होता, लोकांच्या नोकऱ्या गेल्या, काही हद्दपार झाले. पण दोन्ही बाजूंचे कागद वाचले तर एक गोष्ट दिसते. माणूस स्वतःच्या बळावर देवाकडे वळू शकतो असं आर्मिनियसवालेही म्हणत नव्हते. सुरुवात कृपेची, यावर दोघांची सही आहे.

आपल्याकडे हे कळायला जड जाऊ नये. रामानुजांच्या परंपरेत नेमका हाच वाद मर्कटन्याय आणि मार्जारन्याय या नावांनी झाला. माकडाचं पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट धरतं, मांजरीचं पिल्लू नुसतं लोंबकळतं, धरते ती मांजर. आमच्या मंडळीत साक्ष द्यायला उभी राहणारी माणसं एकाच दमात दोन्ही बोलतात. 'मी प्रभूला धरलं' आणि 'प्रभूनं मला धरलं', मध्ये स्वल्पविरामसुद्धा नाही. माझा स्वतःचा कल माकडाकडे. पण माकडाच्या बाबतीतही पिल्लू फक्त धरतं, या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारते ती आईच.

दुसरा मुद्दा, विश्वास म्हणजे तोंडानं 'मानतो' म्हणणं. याचं उत्तर नव्या करारातल्या आपल्या पत्रात याकोबानं पहिल्या शतकातच देऊन ठेवलंय: देव एकच आहे असं तू मानतोस? छान. भुतंही मानतात आणि थरथर कापतात. नुसत्या मानण्यानं तारण होत असतं तर सैतान सगळ्यांच्या आधी तरला असता.

हा घोटाळा थोडा आपल्या भाषेतलाही आहे. 'माझा भुतांवर विश्वास आहे' म्हणजे भुतं असतात असं मला वाटतं. पण 'माझा दूधवाल्यावर विश्वास आहे' याचा अर्थ दूधवाला अस्तित्वात आहे असं माझं मत आहे, असा होतो का? तो पाणी घालणार नाही, हिशेबात फसवणार नाही, म्हणून मी त्याच्या भरवशावर राहतो. नव्या करारात विश्वासासाठी येणारा 'पिस्तिस' हा ग्रीक शब्द या दूधवाल्याच्या जवळचा आहे. त्यात भरवसा आहे, आणि आपण ज्याला विश्वासूपणा म्हणतो तोही आहे. तो आला की वागणं बदलतं. दूधवाल्यावर भरवसा आहे म्हणणारा माणूस रोज सकाळी दूध तापवण्याआधी मोजून बघायला लागला, तर शेजारी काय समजायचं ते समजतात.

मग विश्वास हेच एक कर्म झालं की, त्याची किंमत चुकवून तारण घेतलं! हा आक्षेप मेसेजमध्ये नाही, पण भाच्यानं फोनवर काढला. इथं इफिस २:८ मधलं व्याकरण बघण्यासारखं आहे. कृपेनं, विश्वासाच्या द्वारे तुमचं तारण झालं आहे, आणि हे तुमच्या हातून झालेलं नाही, देवाचं दान आहे. 'हे' म्हणजे काय? मराठीत कृपा स्त्रीलिंगी, विश्वास पुल्लिंगी, तारण नपुंसकलिंगी. 'हे' बसतं ते तारणाला. ग्रीकमध्येही तसंच काहीसं आहे. तिथं कृपा आणि विश्वास दोन्ही शब्द स्त्रीलिंगी, आणि 'हे' मात्र नपुंसकलिंगी, म्हणून ते एका शब्दाकडे बोट न दाखवता आधी सांगितलेल्या सगळ्या व्यवहाराकडे दाखवतं. आणि गंमत अशी की, ज्याच्या नावानं मेसेजवाला खडे फोडतो त्या कॅल्विननंही आपल्या टीकेत या वचनाचा अर्थ असाच लावला: दान म्हटलंय ते तारणाला. विश्वासही देवानंच दिलेला असतो असं तो मानायचा, फिलिप्पैकरांस पत्रात (१:२९) त्याला आधारही आहे, पण म्हणून जे वचन ते सांगत नाही त्याच्या तोंडी ते घालायचं नाही. आजच्या फॉरवर्डी विद्वानांनी एवढी शिस्त पाळली तरी पुष्कळ झालं. दान घ्यायला हात पुढे करावा लागतो. हात पुढे केल्याची मजुरी कुणी मागत नाही.

खुनी आणि शेजारी. खुन्याबद्दल: हो. वधस्तंभावरच्या चोराला येशूनं त्याच दिवशी स्वर्गात असशील असं वचन दिलं. ज्यांना हे खटकतं त्यांना येशूच्या द्राक्षमळ्याच्या दाखल्यात, उशिरा आलेल्यांनाही तेवढीच मजुरी मिळाली म्हणून, सकाळपासून राबलेले मजूरही असेच कुरकुरताना भेटतील. शेजाऱ्याबद्दल मात्र मेसेजवाला जे ठामपणे सांगतो ते मंडळी सांगत नाही. संतांची यादी कॅथलिक चर्च करतं, पण नरकात कोण आहे याची यादी कुठल्याच चर्चनं कधी काढलेली नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं १९६४ मध्ये स्वच्छ म्हटलं की ज्यांचा दोष नसताना ख्रिस्ताची सुवार्ता त्यांच्यापर्यंत पोचली नाही, पण जे मनापासून देवाला शोधतात आणि सदसद्विवेकाप्रमाणे वागायचा प्रयत्न करतात, त्यांचंही तारण होऊ शकतं. प्रोटेस्टंटांत यावर एकमत नाही. माझ्यापुरतं मी अब्राहामाच्या प्रश्नावर थांबतो: सर्व जगाचा न्यायाधीश योग्य न्याय करणार नाही काय? पण इथं आपल्याच लोकांना चार शब्द ऐकवले पाहिजेत. मैदानात भोंगा लावून शेजाऱ्याला नरकात पाठवणारे उपदेशक मी ऐकलेत. लाज वाटली. या मेसेजमध्ये जी चीड आहे ती हवेतून आलेली नाही.

कॅल्विननं शोध लावला, हे पटकन संपवतो. १३२१ मध्ये याच ठाण्यात टोलेंटिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन फ्रान्सिस्कन सोबती मारले गेले, तेव्हा कॅल्विन जन्माला यायला १८८ वर्षं होती. त्या चौघांच्याही आधी वारलेल्या थॉमस अक्विनास या कॅथलिक पंडितानं आपल्या महाग्रंथात पूर्वनियोजनावर एक अख्खं प्रकरण लिहिलंय. त्याच्या आठशे वर्षं आधी संत ऑगस्टीन पेलागियस नावाच्या उपदेशकाशी याच विषयावर भांडत होते. त्यांच्याआधी पौल, पौलाच्या आधी अनुवाद. कॅल्विननं हा विचार टोकाला नेला असं म्हणा, मी मान डोलवीन.

मिशनरी कशाला आले? या प्रश्नात महाराष्ट्रात नेहमी एक दुसरा वास असतो, तो मला कळतो. पण प्रश्न आहे तसा घेऊ. निवडीवर विश्वास असलेला माणूस हात बांधून घरी बसतो असं मेसेजवाल्याचं गृहीतक आहे. इतिहास बघितला तर मराठीत सुवार्ता घेऊन आलेली पहिल्या फळीतली प्रोटेस्टंट माणसं बहुतेक निवड मानणारीच निघतात. विल्यम कॅरी १७९३ मध्ये बंगालात उतरले ते ज्या बाप्टिस्ट पंथाचे होते तो कॅल्विनच्या वाटेनं जाणारा. त्यांनी १८०५ मध्ये मराठीचं व्याकरण छापलं. गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले, न्यू इंग्लंडच्या कॅल्विनवादी मंडळ्यांतून. हॉल १८२६ मध्ये नाशिककडे पटकीनं गेले. १८२९ मध्ये आलेले जॉन विल्सन स्कॉटलंडच्या चर्चचे, ज्यांच्या कबुलीजबाबाचा, म्हणजे श्रद्धेच्या लिखित मांडणीचा, तिसरा अध्याय निवडीवरच आहे. ही माणसं निवड मानत असूनही आली असं नाही, मानत होती म्हणून आली. करिंथात पौल घाबरला तेव्हा त्याला रात्री दृष्टांतात सांगितलं गेलं: भिऊ नको, बोलत राहा, कारण या नगरात माझे पुष्कळ लोक आहेत. हे 'कारण' महत्त्वाचं आहे. गावात कुणीतरी आपली वाट बघतंय एवढं कळलं की माणूस चालायला लागतो. ज्या डॉर्टच्या सभेनं निवडीचा सिद्धांत सर्वांत कडक भाषेत लिहिला, तिनंच असंही लिहिलं की सुवार्ता भेद न करता सगळ्या राष्ट्रांना आणि सगळ्या माणसांना सांगितली पाहिजे.

हात बांधून बसणारेही होते, हे लपवत नाही. अठराव्या शतकात इंग्लंडातल्या काही बाप्टिस्ट मंडळ्यांत पाळक लोकांना 'विश्वास ठेवा' असं म्हणायलासुद्धा कचरायचे. निवडलेला नसेल त्याला कसं सांगायचं! अँड्र्यू फुलरनं १७८५ मध्ये त्याविरुद्ध पुस्तक लिहिलं, आणि हाच फुलर पुढे कॅरीला पाठवणाऱ्या संस्थेचा चिटणीस झाला. म्हणजे मेसेजवाल्यानं ज्या चुकीवर बोट ठेवलंय ती चूक खरी आहे, फक्त ती दुरुस्त करणारे निवड मानणाऱ्यांतलेच निघाले.

आणि आपल्या घरचं उदाहरण. नारायण वामन टिळक नागपूरहून राजनांदगावला चालले होते. गाडीत एका गोऱ्या सहप्रवाशानं गप्पांच्या ओघात नवा करार हातात ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असं सांगून टाकलं. टिळकांनी मग पुस्तक वाचलं, खुणा केल्या, शंका काढल्या, पत्रांतून वाद घातले, घर तुटेल हे दिसत असताना निर्णय घेतला, आणि १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत बाप्तिस्मा घेतला. आता सांगा, हे आधी ठरलेलं होतं की टिळकांनी ठरवलं? त्या प्रवाशाचं भाकीत खरं ठरलं म्हणून टिळकांच्या जागून काढलेल्या रात्री खोट्या होत नाहीत. लक्ष्मीबाईंना तर कुणी भाकीत सांगितलं नव्हतं, त्यांनी आधी प्रचंड सोसलं, मग काही वर्षांनी स्वतःच्या पायांनी आणि स्वतःच्या कारणांनी त्याच ठिकाणी पोचल्या. एकाच घरात दोन वाटा.

कॅथलिक कर्मानं, प्रोटेस्टंट विश्वासानं. हे वाक्य आमच्या प्रोटेस्टंट मुलांनाही पाठ असतं आणि ते चूक आहे. कॅथलिकांच्या ट्रेंटच्या परिषदेनं १५४७ मध्ये नीतिमान ठरण्याविषयी जो ठराव केला त्याचा पहिलाच निषेध कुणाचा? कृपेवाचून, स्वतःच्या कर्मांनी माणूस देवापुढे नीतिमान ठरतो असं म्हणणाऱ्याचा. फरक आहेत, मोठे आहेत, पण 'कर्मानं तारण' असं रोमनं कधी शिकवलेलं नाही. ३१ ऑक्टोबर १९९९ ला आउग्सबर्गमध्ये लुथरन आणि कॅथलिकांनी या विषयावर एकत्र निवेदनावर सह्या केल्या. २००६ मध्ये मेथडिस्ट आणि २०१७ मध्ये रिफॉर्म्ड, म्हणजे कॅल्विनच्या परंपरेतल्या, मंडळ्या त्यात आल्या. कॅथलिकांच्या आतही जेझुइट आणि डॉमिनिकन हे दोन धर्मसंघ हाच निवडीचा वाद वीस-पंचवीस वर्षं घालत होते. १६०७ मध्ये पोप पाचव्या पॉलनं निकाल न देता दोघांना घरी पाठवलं आणि एकमेकांना पाखंडी म्हणायला मनाई केली. निकाल न देणं हाही कधीकधी शहाणपणाचा निकाल असतो.

वेस्ली आणि व्हाइटफील्ड या दोन इंग्रज उपदेशकांचं १७३९ पासून निवडीवरून फाटलं. वेस्ली म्हणे कृपा सर्वांसाठी मोकळी, व्हाइटफील्ड कॅल्विनवाला. व्हाइटफील्ड १७७० मध्ये अमेरिकेत वारले, तेव्हा नोव्हेंबरमध्ये लंडनला त्यांच्या स्मरणाचा उपदेश कुणी केला? वेस्लींनी. बरोबर दोनशे वर्षांनी, २९ नोव्हेंबर १९७० ला, नागपुरात उत्तर भारताचं चर्च स्थापन झालं, आम्ही त्याला सी.एन.आय. म्हणतो. त्यात व्हाइटफील्डच्या बाजूचे प्रेस्बिटेरियन आले आणि वेस्लींच्या बाजूचे मेथडिस्टही आले, शिवाय अँग्लिकन, बाप्टिस्ट आणि इतर. आज आमच्या बाकावर माझ्या डावीकडे बसणारे काका पक्के कॅल्विनवाले, माझा कल मी वर सांगितलाच. प्रभुभोजनाचा प्याला दोघांकडे येतो. जमत नाही असं बाहेरून वाटतं खरं.

आता फारो, म्हणजे इस्राएल लोकांना गुलामीतून सोडायला तयार नसलेला मिसरचा राजा.

त्याची गोष्ट 'निर्गम' या पुस्तकात आहे, ती वाचताना एक क्रम दिसतो. देवानं मिसरवर एकामागून एक पीडा आणल्या, त्यातल्या सुरुवातीच्या पीडांत फारो स्वतःच आपलं मन कठीण करतो, असं पुन्हा पुन्हा येतं. परमेश्वरानं ते कठीण केलं असं थेट म्हटलंय ते सहाव्या पीडेनंतर. मूळ इब्रीत यासाठी तीन क्रियापदं आहेत, त्यातल्या एकाचा अर्थ 'जड करणं'. ज्यानं मन पाच वेळा जड केलं त्याला सहाव्या वेळी ते उचलत नाही, हे आपल्या ओळखीचं आहे. संडे स्कूलमध्ये मी बरीच वर्षं एवढंच सांगून पुढच्या पानावर जायचो. मग एका नववीतल्या मुलीनं दाखवलं की चौथ्या आणि सातव्या अध्यायात, म्हणजे पहिल्या पीडेच्या आधीच, देव मोशेला सांगतो: मी त्याचं मन कठीण करीन. माझं सोपं उत्तर तिथं संपलं. तिच्यापुढे मी गप्प बसलो, आणि त्यानंतर हा क्रम पूर्ण उत्तर म्हणून कधी शिकवला नाही.

पौलालाही हा प्रश्न टाळता आलेला नाही. रोमकरांस पत्राच्या नवव्या अध्यायात तो स्वतःच विचारतो: मग देव दोष का लावतो? आणि तिथलं त्याचं उत्तर, कुंभाराला मातीनं जाब विचारावा काय, हे मला आजही कोरडं वाटतं. पण नववा अध्याय म्हणजे ठाणे स्टेशन. बऱ्याच गाड्या इथं संपतात म्हणून रूळ इथं संपत नाहीत, कर्जत-कसारा पुढे आहे. पौल दहाव्यात म्हणतो की जो कोणी प्रभूचं नाव घेईल त्याचं तारण होईल, आणि सांगणारा नसेल तर ऐकतील कसं? अकराव्यात, ज्यांना बाहेर टाकलं असं वाटत होतं त्या इस्राएलला तो पुन्हा कलम केलेलं पाहतो, आत आलेल्यांना गर्व करू नका म्हणून दटावतो, आणि शेवटी लिहितो की देवानं सर्वांना आज्ञाभंगात कोंडलं ते सर्वांवर दया करावी म्हणून. नवव्यातसुद्धा एक बारीक फरक आहे: दयेची पात्रं देवानं आधी तयार केली असं तो लिहितो, क्रोधाची पात्रं मात्र 'तयार झालेली' आहेत, कुणी केली हे लिहीत नाही. हात तिथं थबकलाय.

याकोब आणि एसाव या जुळ्या भावांतल्या एसावाचंही तसंच. 'याकोबावर मी प्रीती केली, एसावाचा द्वेष केला' हे मलाखीतलं वचन दोन राष्ट्रांबद्दल आहे. आणि उत्पत्तीतली त्या दोन भावांची गोष्ट संपते कशी? न निवडलेला एसाव धावत येऊन फसवणाऱ्या भावाच्या गळ्यात पडतो, आणि निवडलेला याकोब त्याला म्हणतो, तुझं तोंड पाहणं म्हणजे देवाचं मुख पाहण्यासारखं आहे.

काही जणांना देवानं आधीच नाशासाठी नेमलं, हा सिद्धांत कॅल्विननं मांडला आणि मांडताना त्याला 'भयानक' हाच शब्द वापरला. मी तो स्वीकारू शकत नाही. देवाची इच्छा आहे की सर्व माणसांचं तारण व्हावं, हे तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रातलं वचन 'सर्व प्रकारची माणसं' असं ओढूनताणून वाचावं लागतं, तेव्हाच तो सिद्धांत बसतो. बाकावरच्या काकांना हे मान्य नाही. आमचा हा वाद चालू आहे. पण काकांनीच मला कॅल्विनचं एक वाक्य दाखवलं, तेही निवडीच्याच प्रकरणातलं: आपली निवड झाली आहे का हे देवाच्या गुप्त यादीत शोधायला जाऊ नका, ख्रिस्त हा आरसा आहे, त्यात बघा. मेसेजवाला आणि भोंगेवाला दोघेही यादीच चाळत बसलेत, तीही दुसऱ्यांची नावं शोधत.

भाचा गेल्या शनिवारी घरी आला होता. त्याला सोडायला स्टेशनवर गेलो, नऊ-दहा नंबरवर उभे होतो, पनवेलची गाडी यायची होती.

'मामा,' तो म्हणाला, 'ते ग्रुपचं सोड. मी निवडलेला आहे का?'

'हा प्रश्न केव्हापासून पडतोय?'

'मेसेज वाचल्यापासून. रात्री पडतो.'

'त्याच्याकडे यावंसं वाटतं का?'

त्यानं मान हलवली, हो म्हणून.

'मग वचनाचा दुसरा अर्धा भाग तुझ्यासाठी आहे.'

तो थोडा वेळ गप्प राहिला. मग मोबाइल काढून म्हणाला, 'हे सगळं तू लिहून दे, मी टाकतो.'

मी म्हटलं, 'इतकं लांब तिथं कुणी वाचत नाही. योहान सहा, सदतीस टाक. पण दोन्ही अर्धी टाक.'

गाडी लागली. दारातल्या गर्दीत शिरेपर्यंत तो टाइप करत होता.